नाम, रूप आणि ठसा

नाव आणि नाव धारण करणारी वस्तू यांचा संबंध स्वाभाविक आहे की माणसांनी ठरवलेला, आणि वस्तू बदलूनही नाव तेच राहिले तर त्या नावाने नेमके काय ओळखले जाते, हे दोन प्रश्न भारतीय दर्शनांत फार प्राचीन काळापासून एकमेकांना धरून चालत आले आहेत. जैमिनीच्या सूत्रांवर उभ्या असलेल्या पूर्वमीमांसेने शब्द आणि अर्थ यांचा संबंध ‘औत्पत्तिक’, म्हणजे कोणीही न घडवलेला आणि म्हणूनच नित्य मानला. न्यायदर्शनाने तो ‘सामयिक’, म्हणजे संकेताने ठरलेला मानला. आणि दिङ्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी असे प्रतिपादन केले की नाव प्रत्यक्ष वस्तूपर्यंत पोहोचतच नाही, ते केवळ इतर वस्तूंना वगळते. रोजच्या व्यवहारात यांपैकी कोणाचे खरे याचा निवाडा करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण कुंभाराकडे घट मागणाऱ्याला घट मिळाला की त्याचे काम भागते. संगणकीय व्यवहाराच्या एका कोपऱ्यात मात्र हा निवाडा दररोज करावा लागतो आणि तो चुकला तर त्याचे फळ तत्काळ भोगावे लागते. तो कोपरा म्हणजे वेब ॲप्लिकेशनचा दर्शनी भाग, म्हणजेच वापरणाऱ्याच्या पडद्यावर जे उमटते ते उमटवणाऱ्या फायली, एकत्र बांधून लोकांच्या वापरासाठी सर्व्हरवर ठेवण्याची क्रिया. त्या व्यवसायातील माणसे तिला ‘बिल्ड करून प्रॉडक्शनला टाकणे’ किंवा नुसते ‘डिप्लॉय करणे’ म्हणतात. या क्रियेत नामविषयक जुना वाद पुन्हा उभा राहतो, आणि त्याचे उत्तर नाव कसे पडते यात जितके सापडते त्याहून अधिक ते पडलेले नाव पुढे कसे पाळले जाते यात सापडते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रश्न उभा राहतो तो ब्राउझरच्या स्मरणशक्तीमुळे. ब्राउझर एकदा आणलेली फाईल पुन्हा पुन्हा जाळ्यावरून ओढून आणत नाही. तो ती स्वतःजवळ ठेवून घेतो, आणि या साठवणीला ‘कॅश’ म्हणतात. फाईल किती काळ ठेवावी हे सर्व्हर उत्तरासोबत पाठवलेल्या ‘कॅश-कंट्रोल’ नावाच्या एका ओळीतून सांगतो, ज्यात मुदत सेकंदांत लिहिलेली असते, आणि दीर्घ मुदतीसाठी लिहिला जाणारा रूढ आकडा ३१५३६००० हा आहे, म्हणजे पुरते ३६५ दिवस. ब्राउझर साठवलेली फाईल ओळखतो ती तिच्या पत्त्यावरून, म्हणजे शेवटी तिच्या नावावरून. सोमवारी ‘ॲप.जेएस’ या नावाची फाईल आली आणि वर्षभराच्या मुदतीने साठवली गेली. मंगळवारी तिच्यातील चूक दुरुस्त करून त्याच नावाची नवी फाईल सर्व्हरवर ठेवली गेली. बुधवारी तोच माणूस तेच पान उघडतो, ब्राउझर पानातले नाव वाचतो, आपल्या साठवणीत ते नाव पाहतो आणि सर्व्हरला न विचारताच जुनी फाईल चालवतो. पान नवे आणि त्याला चालवणारी फाईल जुनी, अशी ही जोडी असते: पडद्यावर नवे बटण दिसते, पण ते दाबल्यावर काय करायचे हे सांगणारा मजकूर त्या माणसाच्या यंत्रात आलेलाच नसतो.

पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘हीच ती’ असे जे ज्ञान होते त्याला दर्शनांत ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात. वस्तू टिकून राहते, क्षणाक्षणाला नवी होत नाही, हे सिद्ध करण्यासाठी नैयायिकांनी आणि मीमांसकांनी प्रत्यभिज्ञेचाच आधार घेतला: काल पाहिलेला स्तंभ आज ‘तोच हा’ म्हणून ओळखू येतो, तेव्हा तो तोच असला पाहिजे. बौद्धांनी यावर दिलेले उत्तर अगदी घरगुती आहे. कापलेले केस पुन्हा वाढतात, वाढलेल्या केसांकडे पाहून माणूस ‘हे तेच केस’ म्हणतो, आणि ते तेच नसतात. दिव्याची ज्योत संध्याकाळपासून तीच दिसते, पण तिला पोसणारे तेल क्षणाक्षणाला वेगळे असते. सादृश्याला एकत्व समजण्याची ही चूक आहे. ब्राउझरची चूक याहूनही बारीक आहे, कारण त्याच्यापाशी सादृश्य पाहण्याचीही सोय नसते. त्याच्या हाती फक्त नाव असते, आणि नावाच्या एकत्वावरून तो वस्तूच्या एकत्वाचा निर्णय करतो.

यावर पहिला उपाय सुचला तो संकेताचा. फायलीच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून आवृत्तीचा क्रमांक लिहायचा, आणि फाईल बदलली की दोनाचे तीन करायचे. हा उपाय न्यायमताला धरून आहे, कारण येथे नाव माणसाच्या इच्छेने पडते आणि माणसाने ते लक्षात ठेवून बदलायचे असते. त्याचे वैगुण्यही तेथेच आहे: घाईत मजकूर बदलतो आणि क्रमांक तसाच राहतो, मग दूरध्वनीवर ‘कॅश क्लिअर करून बघा’ असे सांगण्याची पाळी येते, म्हणजे नाव देणाऱ्याचे विस्मरण नाव वापरणाऱ्याने निस्तरायचे. नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्ल्टन यांच्या नावावर एक उक्ती सांगितली जाते, तिचा आशय असा की संगणकशास्त्रात खऱ्या अवघड गोष्टी दोनच, एक म्हणजे साठवलेली प्रत शिळी झाली हे ठरवणे आणि दुसरी म्हणजे गोष्टींना नावे देणे. ही उक्ती बहुधा हसण्यावारी नेली जाते, परंतु तिच्यातील दोन अडचणी एकाच अडचणीची दोन टोके आहेत हे तिच्यात सांगितलेले नाही, आणि पुढे सापडलेला खरा उपाय नेमका याच जाणिवेतून आला.

त्या उपायाकडे जाण्याआधी बांधणीकडे पाहणे आवश्यक आहे, कारण नाव ज्याला द्यायचे ती वस्तूच बांधणीत घडते. विकसक जे लिहितात ते शेकडो लहान फायलींत विभागलेले असते, प्रत्येक फाईल आपल्याला लागणाऱ्या इतर फायलींची नावे आरंभी घेते, आणि ही विभागणी माणसाला समजावे म्हणून असते. एचटीटीपी १.१ या जुन्या संपर्कपद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडत असल्याने शेकडो फायली स्वतंत्र मागवणे परवडत नसे; त्यातून या फायली एकत्र बांधणारी साधने आली. २०१२ पासून टोबियास कोपर्स यांनी विकसित केलेले वेबपॅक, रिच हॅरिस यांचे २०१५ मधले रोलअप, इव्हान वॉलेस यांचे २०२० मधले इएसबिल्ड ही त्यांतील ठळक नावे. साधन एका मुख्य फायलीपासून निघते, तिने घेतलेल्या नावांचा माग काढत सर्व अवलंबनांचे जाळे उभे करते, कोठेही न वापरलेला मजकूर गाळते, उरलेला सलग जोडते आणि शेवटी तो आकसून घेते. तयार होणाऱ्या सलग फायलीला ‘बंडल’ म्हणतात.

या क्रियेला भारतीय परंपरेत एक तंतोतंत पूर्वज आहे, आणि तो येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. वेदाचे जे पठण स्वरसंधींसह अखंड चालते त्याला ‘संहितापाठ’ म्हणतात, आणि वर्णांच्या अत्यंत निकटतेला पाणिनीने ‘संहिता’ हीच संज्ञा दिली आहे. त्या सलग पाठाचे पद न् पद सुटे करून दाखवणारा तो ‘पदपाठ’, आणि ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. पदपाठाची गरज पडली याचे कारण असे की जोडताना माहिती हरवते. व्याकरणपरंपरेतील ‘श्वेतो धावति’ हे प्रसिद्ध उदाहरण घेतले तर त्याची फोड ‘श्वेतः धावति’ अशी केल्यास कोणी पांढरा धावतो, आणि ‘श्वा इतः धावति’ अशी केल्यास कुत्रा येथून धावतो. नुसत्या जोडलेल्या ध्वनीवरून यांतले कोणते ते सांगता येत नाही. बंडलचेही असेच आहे. आकसलेल्या फायलीत सारा मजकूर बहुधा एकाच ओळीत असतो, आणि चूक घडली तर ब्राउझर सांगतो की पहिल्या ओळीतील अमुक हजाराव्या अक्षरापाशी घडली, ज्यावरून माणसाला काहीच कळत नाही. म्हणून बांधणीच्या वेळी ‘सोर्स मॅप’ नावाची आणखी एक फाईल तयार केली जाते, जिच्यात बंडलमधील प्रत्येक स्थान मूळच्या कोणत्या फायलीतील कोणत्या ओळीचे याची नोंद असते. हा त्या संहितेचा पदपाठ. क्रम, जटा आणि घन या पाठांनी याहून पुढचे काम केले: घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे अशा क्रमाने पदे फिरवली जात असल्यामुळे एक पद जरी चुकले तरी ते लगेच उघडे पडते. मजकूर अबाधित आहे की नाही हे मजकुरातूनच तपासण्याची युक्ती मौखिक परंपरेने अशी साधली होती.

बांधणीत आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे तत्त्वज्ञानाच्या अंगाने फारसे पाहिले गेलेले नाही. आकसताना साधन चलांची नावे तोडते. विकसकाने विचारपूर्वक ठेवलेले ‘एकूण देय रक्कम’ या अर्थाचे लांब नाव जाते आणि त्या जागी एकच अक्षर येते, तरीही कार्यक्रमाच्या वर्तनात तिळमात्र फरक पडत नाही. आतल्या नावांपुरते न्यायमत येथे निरपवादपणे खरे ठरते: नाव हा शुद्ध संकेत आहे, आणि सर्व ठिकाणी सारखाच बदलला तर तो कोणताही असू शकतो. पण काही नावांना साधन हात लावू शकत नाही. ब्राउझरने पुरवलेली नावे, दुसऱ्या सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीतील रकान्यांची नावे, बाहेरच्या कोणी हाक मारावी म्हणून उघडी ठेवलेली नावे बदलली तर सारे मोडते. जे नाव घराबाहेर गेले नाही ते घरधन्याच्या मर्जीचे, आणि जे दुसऱ्याच्या तोंडी बसले ते त्याच्या मर्जीचे राहत नाही. सीमेच्या आत नाव संकेत असते, सीमा ओलांडताच ते वचन होते, आणि पुढच्या साऱ्या विवेचनाला हा भेद पुरून उरतो.

आता तो उपाय. फायलीतील सर्व मजकूर एका गणिती प्रक्रियेतून काढला जातो, तिच्यातून ठरावीक लांबीची एक अक्षरमाला निघते, आणि ती फायलीच्या नावात घातली जाते. या अक्षरमालेला ‘हॅश’ म्हणतात. मजकुराचा ठसा म्हटले तरी चालेल. रुबी ऑन रेल्स या चौकटीच्या २०११ मध्ये आलेल्या ३.१ आवृत्तीने ही पद्धत मोठ्या वर्गापर्यंत पोहोचवली आणि आज बहुतेक सर्व साधनांत ती आहे. ‘ॲप.जेएस’ आता ‘ॲप-७एफ३सी०बी९१.जेएस’ होते, आणि मजकुरात एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा पूर्णपणे वेगळा निघतो. जुन्या नावाखाली नवा मजकूर जाण्याची शक्यताच त्यामुळे मावळते, कारण नवा मजकूर नवे नाव घेऊनच जन्माला येतो. ब्राउझरला मग वर्षभराची मुदत निर्धास्तपणे देता येते, इतकेच नव्हे तर ‘ही वस्तू कधीही बदलणार नाही’ असे सांगणारा ‘इम्यूटेबल’ हा स्वतंत्र शब्दही त्या ओळीत लिहिता येतो, ज्याला २०१७ मध्ये आरएफसी ८२४६ या दस्तऐवजाने अधिकृत रूप दिले. शिळेपणाची अडचण नामकरणाने सुटली. कार्ल्टन यांच्या दोन अवघड गोष्टींपैकी एकीने दुसरीला सोडवले.

हा मीमांसेचा विजय मानावा काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. हे नाव कोणी ठेवलेले नाही. तोच मजकूर पुण्यात बांधला काय किंवा टोरांटोत, नाव तेच निघेल. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी म्हटले आहे की घट हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घट घडवून मागतो, पण शब्द वापरू इच्छिणारा कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द घडवून मागत नाही. ठशाचे नावही कोणाकडे मागावे लागत नाही, ते मजकुरात जणू आधीच असते. परंतु थोडे खोल गेले की संकेत पुन्हा भेटतो. मजकुरातून ठसा कोणत्या प्रक्रियेने काढायचा हे माणसांनीच ठरवलेले असते, आणि तो ठराव मोडू शकतो. वेबपॅक दीर्घकाळ ‘एमडी४’ नावाची जुनी प्रक्रिया वापरत असे; ऑक्टोबर २०२१ मध्ये नोड या प्रणालीची १७वी आवृत्ती आली, तिच्यातील ओपनएसएसएलच्या तिसऱ्या पिढीने ती प्रक्रिया देणे नाकारले, आणि एका अक्षराचाही बदल न केलेले प्रकल्प बांधताना अडू लागले. सुरक्षेच्या कामासाठी एकेकाळी विश्वासार्ह मानलेल्या ‘एमडी५’ मध्ये २००४ साली आणि ‘शा-१’ मध्ये २०१७ साली दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा काढून दाखवण्यात आला. संबंध स्वाभाविक आहे खरा, पण तो एका संकेताच्या पायावर स्वाभाविक आहे.

बौद्धांचे म्हणणे येथे सर्वांत टिकाऊ ठरते, आणि हे काहीसे अनपेक्षित आहे. दिङ्नागाच्या मते खरी वस्तू म्हणजे ‘स्वलक्षण’, म्हणजे इतर कशासारखीही नसलेली एकमेव विशिष्ट वस्तू, आणि शब्द तिला स्पर्श करू शकत नाही, कारण शब्द नेहमी सामान्याचा असतो. ‘गाय’ हा शब्द ‘गाय नसलेले’ सारे वगळतो, याला ‘अपोह’ म्हणतात. ठसा पाहता वाटते की स्वलक्षणाला अखेर नाव मिळाले, कारण तो एकाच मजकुराचा असतो. मात्र गणित तसे सांगत नाही. नावातील ठसा बहुधा आठ अक्षरांपुरताच ठेवला जातो, आणि सोळा चिन्हांतून निवडलेल्या आठ अक्षरांच्या माला ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतक्याच होऊ शकतात, तर संभाव्य मजकूर असंख्य आहेत. म्हणून प्रत्येक ठसा असंख्य मजकुरांना सामायिक असतोच. ठसा ‘हाच तो’ असे कधीच सांगत नाही. तो इतकेच सांगतो की ज्यांच्याशी गल्लत होण्याचा व्यवहारात संभव होता त्यांपैकी हा कोणी नाही. व्यवहाराला तेवढे पुरते, आणि अपोहवाद्यांचाही याहून मोठा दावा नव्हता.

ठशाची आणखी एक मर्यादा छांदोग्य उपनिषदातील उद्दालक आणि श्वेतकेतू यांच्या संवादाच्या संदर्भात स्पष्ट होते. मातीचा एक गोळा कळला की मातीचे सर्व विकार कळतात, कारण विकार नाममात्र असतात आणि माती तेवढी सत्य असते, असे तेथे पित्याने पुत्राला समजावले आहे. ठसा याच्या नेमका उलट वागतो: त्याला विकारच दिसतात. बांधणी करणाऱ्या यंत्रावरील फोल्डरचा पत्ता किंवा बांधणीची वेळ चुकून मजकुरात शिरली, तर अर्थ रेसभर न बदलता नाव बदलते, आणि लक्षावधी ब्राउझरांना तीच वस्तू पुन्हा उतरवून घ्यावी लागते. एकाच मूळ मजकुरातून दरवेळी तंतोतंत एकच बंडल निघावे यासाठी साधनांना मोठे श्रम घ्यावे लागले. वेबपॅकच्या २०२० मधील पाचव्या आवृत्तीत आतील क्रमांकही निश्चित पद्धतीने पडू लागले ते याचसाठी. माती ओळखण्याचे काम माणसाकडेच राहते.

नावे अशी मजकुरातून निघू लागली की ती एकमेकांत अडकतात. पानाच्या फायलीत मुख्य बंडलचे नाव, मुख्य बंडलमध्ये त्याने पुढे मागवायच्या तुकड्यांची नावे: तळाच्या तुकड्यात एक बदल झाला की त्याचे नाव बदलते, ते नाव घेणाऱ्याचा मजकूर त्यामुळेच बदलतो, म्हणून त्याचेही नाव बदलते, आणि ही लाट वरपर्यंत जाते. एकाच्या असण्यावर दुसऱ्याचे असणे टेकलेले, असे प्रतीत्यसमुत्पादाचे चित्र येथे अक्षरशः दिसते. नावांची यादी वेगळ्या लहान तक्त्यात ठेवून ही लाट थोपवण्याची युक्ती आहे, आणि ती उपयुक्त आहे. परंतु लाट वर पोहोचते तेथे एक फाईल अशी असावीच लागते की जिचे नाव बदलत नाही.

ती फाईल म्हणजे पहिले पान. लोक ज्या पत्त्यावर येतात, ज्याची खूण करून ठेवतात, जो नातेवाइकाला पाठवतात, त्या पत्त्यात ठसा घालता येत नाही, कारण मग तो कोणालाच ठाऊक नसेल. जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एक टिपण लिहून चांगले पत्ते बदलत नसतात असे आग्रहाने मांडले, ते अशाच नावांविषयी. पहिल्या पानाचे नाव स्थिर आणि मजकूर चल, म्हणून त्याला वर्षाची मुदत देता येत नाही; त्याच्यासाठी ‘नो-कॅश’ असे लिहितात. हा शब्द स्वतःच फसवा आहे, कारण त्याचा अर्थ ‘साठवू नये’ असा नसून ‘साठवावे, पण वापरण्यापूर्वी दरवेळी विचारावे’ असा आहे. मुळीच साठवू नये यासाठी ‘नो-स्टोअर’ हा वेगळा शब्द आहे. ब्राउझर आपल्याजवळच्या प्रतीची खूण पाठवतो, बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक पाठवून ‘तीच वापर’ असे सांगतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो की जन्मलेला आणि वाढलेला तोच की वेगळा, आणि नागसेन रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत तीच नव्हे आणि वेगळीही नव्हे, एक प्रवाह अखंड चाललेला असतो. या प्रवाहाला बौद्ध ‘संतान’ म्हणतात. ॲप्लिकेशनला लोक ज्या नावाने ओळखतात ते संतानाचे नाव; ठसा घातलेले प्रत्येक नाव एका क्षणाचे. क्षणाचे नाव मजकुरातून पडते आणि कधी खोटे होऊ नये अशी अपेक्षा असते. संतानाचे नाव संकेताने पडते आणि दरवेळी विचारून खरे करून घ्यावे लागते. मीमांसक आणि नैयायिक दोघेही आपापल्या नावापुरते बरोबर होते. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभव’ या ग्रंथातील शब्दखंडनाच्या प्रकरणात शब्दाचा गौरव स्मरण करून देणारा म्हणून केला आहे, आणि मग असे दाखवले आहे की जेथे विस्मरण नाहीच तेथे शब्दाला कामही उरत नाही. संदर्भ आत्मस्वरूपाचा आहे आणि तो तेवढाच राहू द्यावा. तरी ठसा घातलेली फाईल हाताशी असताना ब्राउझर सर्व्हरशी एक शब्दही बोलत नाही, हे पाहताना त्या युक्तिवादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इथवर नाव कसे पडते ते झाले. ते पाळले जाते का, हा प्रश्न प्रत्यक्ष डिप्लॉयच्या काही मिनिटांत कसाला लागतो. नवे पान आधी आणि नवी बंडले नंतर चढवली, तर मधल्या काळात आलेल्याला पान अशी नावे सांगते की ज्यांच्या वस्तू अजून तेथे पोहोचल्याच नाहीत. म्हणून क्रम उलटा हवा: आधी साऱ्या नव्या वस्तू आपापल्या जागी ठेवायच्या, आणि शेवटी एकटे पान बदलायचे, जेणेकरून कोणतेही नाव वस्तूच्या आधी उच्चारले जाणार नाही. याहून वाईट चूक दुसरी आहे. अनेक सर्व्हर असे मांडलेले असतात की मागितलेला पत्ता सापडला नाही तर नकार देण्याऐवजी पहिले पानच पाठवायचे. आतल्या पत्त्यांसाठी ही सोय आवश्यक असते. पण हरवलेल्या बंडलच्या नावालाही हेच उत्तर गेले, तर ब्राउझर कार्यक्रम म्हणून पानाचा मजकूर वाचू लागतो आणि पहिल्याच ‘<’ या चिन्हापाशी अडखळतो. मधल्या कॅश-सर्व्हरने तेच चुकीचे उत्तर त्या नावाखाली वर्षभराच्या मुदतीने साठवून ठेवले, तर जे नाव मजकुरातून निघाल्यामुळे खोटे होऊच शकत नाही असे मानले होते, तेच वर्षभर खोटे बोलत राहते.

हे घडू शकते, कारण ब्राउझर फायलीच्या नावातील ठसा मोजून पाहत नाही. त्याच्या लेखी ती निव्वळ अक्षरे आहेत. ज्ञान उत्पन्न होतानाच प्रमाण असते, बाध येईपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवावा, या मीमांसकांच्या मताला ‘स्वतःप्रामाण्य’ म्हणतात. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, दुसऱ्या साधनाने पडताळावे, हे नैयायिकांचे ‘परतःप्रामाण्य’. नावातील ठशाबाबत ब्राउझर मीमांसक असतो. २०१६ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या ‘सबरिसोर्स इंटिग्रिटी’ या व्यवस्थेत त्याला नैयायिक करता येते: पानातच फायलीचा पूर्ण ठसा लिहून ठेवला तर आलेला मजकूर ब्राउझर स्वतः मोजतो आणि जुळला नाही तर चालवत नाही. ती व्यवस्था चांगली आहे आणि परक्या सर्व्हरवरून घेतलेल्या फायलींसाठी तर ती लावलीच पाहिजे. तरीही पडताळणीमुळे खोटी वस्तू अडते, हरवलेली वस्तू परत येत नाही. नाव घेतल्यावर वस्तू हजर असणे हे कोणत्याही गणिताने साधत नाही. त्यासाठी कोणीतरी ती तेथे ठेवलेली असावी लागते.

म्हणून जुन्या फायली पुसण्याचा प्रश्न साफसफाईचा राहत नाही. नवी आवृत्ती चढवताना सर्व्हरवरील फोल्डर रिकामे करण्याची सवय सर्रास आढळते, आणि ती करणाऱ्याला असे वाटते की आता जुनी आवृत्ती कोणी वापरत नाही. वस्तुतः ज्यांनी पान काल उघडले आणि बंद केले नाही ते सर्व अजून कालच्याच पानात असतात. मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये सारा मजकूर एकदम पाठवला जात नाही. तुकडे केले जातात आणि ज्या पडद्याची गरज पडेल त्याचा तुकडा त्या वेळी मागवला जातो, त्यामुळे कालचे पान आजही कालच्या तुकड्यांची नावे घेत असते. फोल्डर रिकामे झाले की त्या नावांना उत्तर देणारे कोणी उरत नाही. साठवणीची जागा वाचवण्यासाठी दिलेला शब्द मोडण्याचा हा प्रकार आहे, आणि वाचणारी जागा बहुधा काही मेगाबाइटांचीच असते. जुन्या आवृत्त्या निदान काही आठवडे जागेवर ठेवणे, नवी बंडले त्यांच्या शेजारी चढवणे, आणि पुसायचेच झाल्यास कोणत्या नावाची मागणी शेवटची केव्हा आली ते नोंदींत पाहून पुसणे, एवढे ज्याला करता येते त्याने ते केले पाहिजे.

एखादी विद्यार्थिनी रात्री मोबाइलवर प्रवेशाचा लांबलचक अर्ज भरत असते. तिसऱ्या टप्प्यावर जातीच्या दाखल्याचा क्रमांक सापडत नाही म्हणून ती पान तसेच उघडे ठेवून झोपते, आणि पहाटे अडीच वाजता नवी आवृत्ती चढते. सकाळी वडिलांनी कपाटातून काढून दिलेल्या कागदावरून ती क्रमांक भरते आणि ‘पुढे’ हे बटण दाबते. ब्राउझर कालच्या पानाने सांगितलेले नाव घेऊन सर्व्हरकडे जातो, आठ अक्षरांचा ठसा असलेली ती फाईल अजून आपल्या जागी असते, आणि चौथा टप्पा उघडतो.